वाचकांचे प्रश्न : हिरवागार पालक आणि कॅडमियम

प्रश्न : आमच्या एक एकर पालकाला शहराच्या नाल्याचे पाणी आहे. पीक हिरवेगार आहे, पण तपासणीत ताज्या पानांत किलोमागे ०.३५ मि.ग्रॅ. कॅडमियम हा विषारी जड धातू निघाला. झिंक टाकले की पीक ते सहन करते, असे ऐकले. खरे आहे का? डीएपी (नत्र-स्फुरदाचे खत) आणि म्युरेट ऑफ पोटॅश (पालाशाचे खत) आम्ही दर पेरणीला देतो.

उत्तर : सहन तर ते आत्ताही करत आहे आणि धोका तिथेच आहे. झाड फायटोकेलेटिन नावाचे गंधकयुक्त रेणू तयार करते, त्यांनी कॅडमियम बांधते आणि पेशीतल्या रिक्तिकेत (साठवणीच्या पिशवीत) कोंडून ठेवते. त्यामुळे पान पिवळे पडत नाही, पण धातू पानातच राहून खाणाऱ्याच्या पोटात जातो. पालेभाज्यांसाठी कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्न-मानकांची मर्यादा किलोला ०.२ मि.ग्रॅ. आहे. तेव्हा पिकाची सहनशक्ती वाढवण्यापेक्षा त्याचे शोषण कमी करा.

झिंक त्यासाठी उपयोगी पडते, मात्र जमिनीत कमतरता असेल तरच. झिंक आणि लोह ज्या वाहक प्रथिनांतून मुळात शिरतात, त्यांतूनच कॅडमियमही शिरते. ही दोन्ही कमी पडली की मुळे वाहक वाढवतात आणि कॅडमियमचे फावते. म्हणून आधी माती तपासा. डीटीपीए पद्धतीने (पिकाला मिळू शकणारे झिंक मोजणारी माती चाचणी) झिंक ०.६ पीपीएमपेक्षा (किलो मातीत ०.६ मि.ग्रॅ.) कमी आले, तर पेरणीपूर्वी एकरी ८ ते १० किलो झिंक सल्फेट (२१ टक्के) शेणखतात मिसळून द्या. डीएपीत मिसळू नका, झिंक फॉस्फेट होऊन झिंक अडकून बसते. लोह ४.५ पीपीएमच्या खाली असेल तर तीही उणीव भरून काढा.

सांडपाण्यावरच्या जमिनीत झिंक बहुतेकदा भरपूर असते. तिथे आणखी टाकलेले झिंक मातीच्या कणांना चिकटलेले कॅडमियम सुटे करू शकते. तपासणीशिवाय पोते फोडू नका.

तुमची खतेही बदलायला हवीत. म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये सुमारे ४७ टक्के क्लोराइड असते. त्याच्याशी जोडले गेलेले कॅडमियम मातीच्या पाण्यात विरघळलेले राहते, मुळांना सहज मिळते. त्याऐवजी सल्फेट ऑफ पोटॅश वापरा, महाग पडले तरी. डीएपीतला अमोनियम मुळांभोवती आम्लता वाढवतो, जादा स्फुरद (फॉस्फरस) झिंकचे शोषण दाबतो, शिवाय खनिज फॉस्फेटमधून थोडे कॅडमियमही येते. स्फुरद माती परीक्षणानुसारच द्या. शहरी कंपोस्ट घ्यायचे असेल तर त्याचा धातू तपासणी अहवाल मागा. खत नियंत्रण आदेशानुसार त्यात कॅडमियम किलोला ५ मि.ग्रॅ.पेक्षा जास्त चालत नाही.

हे सगळे करूनही नाल्याचे पाणी रोज नवे कॅडमियम आणत असेल, तर खतांनी निभावणार नाही. सिंचनाच्या पाण्यात लिटरला ०.०१ मि.ग्रॅ. ही एफएओने (संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना) शिफारस केलेली कमाल मर्यादा आहे. पाणी त्यावर निघाले तर पालेभाजी थांबवा आणि झेंडूसारखे न खाण्याचे पीक घ्या.

प्रश्न : मिठाच्या पाण्यात धुतल्यावर कॅडमियम जाते का?

उत्तर : वरची माती आणि धूळ जाते, पेशीतले कॅडमियम जात नाही. तुमच्या तपासणीत आलेला आकडा धुतलेल्या पानांचा आहे की न धुतलेल्या, एवढे प्रयोगशाळेला विचारा.