आजोबांच्या शिसवी पलंगाची गिटार होईल का?

प्रश्न: गिरगावातली आमची चाळ रिडेव्हलपमेंटला गेली, आजोबांचा शिसवी पलंग नव्या फ्लॅटमधे मावत नाहीये, भंगारात द्यायला जीव होत नाही. त्याची अकूस्टिक गिटार बनेल का हो?

उत्तर: बनेल की! पण अख्खी नाही. पाठ आणि बाजूच्या पट्ट्या शिसवाच्या, वरची फळी मात्र स्प्रूस किंवा सीडर या सूचिपर्णी झाडांच्या लाकडाचीच घ्या, ती हलकी आणि ताठ लागते, शिसव तिथे जड पडतं. पाठ दोन तुकडे जोडून होते, एकेक साधारण २० सेंमी रुंद आणि अर्ध्या मीटरहून जास्त लांब, म्हणजे पाय सोडा, डोक्याकडची फळी बघा. खिळ्यांची भोकं, वाळवी, भेगा तपासा, कारण शेवटी ती रंधून जेमतेम अडीच मिमी उरते. फळी दोन बोटांत लटकवून टिचकी मारा, टण्ण वाजली तर छान, थप्प आवाज आला तर टेबल करा त्याचं. आणि जोडकाम पावसाळ्यात अजिबात नको, दमट हवेत फुगलेलं लाकूड हिवाळ्यात आक्रसतं आणि तडकतं. कारागीर घाई करत असेल तरी दिवाळीनंतरच द्या.