चामखीळ म्हणून पुन्हा जाळू देऊ नका

मुलाच्या मांडीवर पाणीदार पुळ्यांचा पुंजका आहे, मधूनच काळपट पडतो, चामखीळ म्हणून दोनदा जाळला तरी परत आला, असं तुम्ही लिहिलंय. आमच्या लेकीच्या कमरेवर हुबेहूब हेच होतं. मी डॉक्टर नाही, तेव्हा हा फक्त अनुभव समजा. पण भिजलेल्या साबुदाण्यासारखे दाणे, फुटले की पाण्यासारखी लस आणि आत रक्त उतरलं की जांभळट रंग, एवढं जुळत असेल तर 'हा लिम्फॅन्जिओमा सर्कमस्क्रिप्टम असू शकतो का?' असं त्वचारोगतज्ज्ञांना थेट विचारा. म्हणजे लसिका (अंगातली पाण्यासारखी लस) वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांची घडणच बिघडलेली. हल्ली रिपोर्टवर 'मायक्रोसिस्टिक लिम्फॅटिक मालफॉर्मेशन' असंही लिहितात. कॅन्सर नाही, कुणाला लागतही नाही. नातेवाईक नागीण म्हणतील, म्हणू द्या.

आम्हाला सगळ्यात महाग पडलं एक क्लिनिक, नाव लिहीत नाही. दर खेपेला कॉटरी (विजेच्या उष्णतेने जाळणं), दर खेपेला 'आता मुळापासून गेलं'. तुकडा तपासायला एकदाही पाठवला नाही. अहो, मूळ वर असतंच कुठे? या आजाराचा अभ्यास करणाऱ्या व्हिम्स्टर या डॉक्टरांनी १९७६ सालीच मांडलं होतं की खरा आजार कातडीखाली, चरबीतल्या लसिकेच्या पिशव्यांत असतो आणि वरचे दाणे त्यांनाच जोडलेले असतात. नुसतं वरून जाळलं तर परत येणारच. आमच्याकडे जुन्या व्रणाच्या कडेनेच उगवले. लस इतकी गळायची की सलवार कातडीला चिकटायची, कोमट पाण्याने भिजवून सोडवावी लागायची.

म्हणून आधी बायोप्सी, म्हणजे तुकडा काढून तपासणं, आणि पसारा किती खोल आहे ते बघायला एमआरआय. त्याआधी कुणाला हात लावू देऊ नका, या मतावर मी ठाम आहे. त्रास नसेल तर काहीच न करणं हाही पर्याय असतो. ऑपरेशन करायचंच तर खालच्या पिशव्यांसकट, त्याची सवय असलेल्या सर्जनकडे, आणि तरीही परत येऊ शकतं. लेझर वाईट नाही, लस कमी करायला कामाचा आहे, फक्त 'कायमचं' म्हणाले की उठा. सिरोलिमस या औषधाबद्दलही विचारा, पण पोटात घ्यायचं तर रक्ताच्या तपासण्या मागे लागतात.

घरी सुई टोचू नका, हळदबिळद लावू नका. भाग लाल, गरम झाला, ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आणि विमा! 'कॉस्मेटिक' म्हणून आमचा क्लेम परत आला होता. लस गळते, वारंवार इन्फेक्शन होतं, हे डॉक्टरांच्या पत्रात आधीच लिहून घ्या.