वाचकांचे प्रश्न : इंटर्नशिप करायची, पण कुठली?

यंदा आलेल्या पत्रांमध्ये निम्म्याहून अधिक प्रश्न एकाच गोंधळातून निघालेले दिसतात. महाविद्यालयाची श्रेयांकाची इंटर्नशिप, सरकारी योजनेतली इंटर्नशिप आणि शिकाऊ उमेदवारी या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांच्या अटी वेगळ्या, कागद वेगळे आणि पैसेही वेगळे. निवडक पत्रांना इथे उत्तरं देत आहोत.

मी बी.कॉम.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. ४ क्रेडिटची (श्रेयांकांची) ओजेटी, म्हणजे प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण, करा, असं कॉलेजने सांगितलं. धंतोलीत काकांचं कर सल्लागाराचं ऑफिस आहे, तिथे केली तर चालेल का? तास कसे मोजतात?
– विद्यार्थिनी, महाल

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) हिशेबाने इंटर्नशिपचं १ क्रेडिट म्हणजे ३० तास, म्हणून ४ क्रेडिटचे १२० तास. सुट्टीत रोज ६ तास बसलात तर २० दिवसांत काम होतं. कॉलेज सांभाळून करायचं असेल तर आठवड्याला ८ तास, म्हणजे १५ आठवडे लागतील. दुसरा मार्ग ऐकायला सोपा वाटतो, पण मध्ये अंतर्गत परीक्षा आणि दिवाळी येते आणि शेवटी ३०-३५ तास कमी पडतात. सलग करणंच बरं.

काकांच्या ऑफिसबद्दल आधी विभागप्रमुखांची लेखी परवानगी घ्या. प्रमाणपत्रावर सही करणारा आणि शिकणारी एकाच घरातली असली की तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न त्यावरच येणार. काकांच्या ओळखीने दुसऱ्या एखाद्या ऑफिसात जागा मिळाली तर ते जास्त सोयीचं.

कागदांचा क्रम चुकवू नका. आधी कॉलेजचं विनंतीपत्र न्यायचं. मग संस्थेकडून लेटरहेडवर स्वीकृतिपत्र घ्यायचं. त्यात सुरुवातीची आणि शेवटची तारीख, रोजचे तास, कामाचं स्वरूप आणि मार्गदर्शकाचं नाव हवं. त्यावरून कॉलेज एनओसी देतं आणि त्यानंतरच काम सुरू करायचं. आधी काम करून मागच्या तारखेचे कागद गोळा करणाऱ्यांचे तास नाकारले जातात, आणि ते योग्यच आहे.

सगळ्यात जास्त अडतं ते प्रमाणपत्रावर. संस्था सवयीने लिहून देते, "यांनी एक महिना काम केले." त्यातून तास कळत नाहीत. "दि. अमुक ते अमुक, एकूण १२० तास" असं स्पष्ट लिहून घ्या. नाव आधारकार्डावर आणि एबीसी (विद्यार्थ्याचे श्रेयांक जमा होणारी ऑनलाइन बँक) खात्यात आहे तसंच असू द्या. वडिलांचं नाव एका कागदावर असेल आणि दुसऱ्यावर नसेल, तर श्रेयांक खात्यात चढायला उगाच वेळ जातो.

लॉगबुक रोज लिहा. "बिलांचं काम केलं" असं तीस वेळा लिहिलेली वही परीक्षक दोन मिनिटांत मिटतो. त्याऐवजी अशी नोंद हवी (जीएसटीआर-२बी म्हणजे पुरवठादारांच्या विवरणपत्रांवरून जीएसटी पोर्टलवर तयार होणारी खरेदीची यादी) : "खरेदीची ४२ बिलं जीएसटीआर-२बीशी जुळवली. ३ बिलं तिथे दिसत नाहीत. पुरवठादाराने विवरणपत्र भरलं नसावं, त्याला फोन करायला सांगितलं." काय केलं, काय अडलं आणि पुढे काय झालं, एवढं आलं की पुरे. अशा वहीतून अहवाल तयार करायला दोन संध्याकाळी लागतात. वही कोरी असेल तर तोच अहवाल इंटरनेटवरून उचलावा लागतो आणि पकडला जातो.

माझा मुलगा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पंतप्रधान इंटर्नशिप योजनेत महिन्याला ५ हजार मिळतात म्हणून फॉर्म भरायला गेलो, तर अपात्र दाखवलं. राज्याच्या योजनेतही तेच. चूक कुठे झाली?
– पालक, उमरेड

फॉर्म भरण्यात चूक नाही. तुमच्या मुलासाठी या योजनाच नाहीत. केंद्राची योजना ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली तेव्हाची मुख्य अट अशी होती : वय २१ ते २४, आणि उमेदवार पूर्णवेळ शिक्षणात किंवा पूर्णवेळ नोकरीत नको. त्यात १२ महिने प्रशिक्षण, महिन्याला ५,००० रुपये (४,५०० सरकारचे, ५०० कंपनीचे) आणि सुरुवातीला एकदाच ६,००० रुपये असं ठरलं होतं. अटी फेरीगणिक बदलू शकतात, म्हणून अर्जाच्या दिवशीची सूचना वाचूनच पुढे जा.

राज्याची मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनाही शिक्षण चालू असलेल्यांसाठी नाही. २०२४ मध्ये तिची वयोमर्यादा १८ ते ३५ होती. विद्यावेतन बारावीला ६,०००, आयटीआय किंवा पदविकेला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये ठरलं होतं. मुलाची पदवी झाली की या योजनांकडे वळा. तेव्हा १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखालची एनएटीएस ही राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी योजनाही पाहा. तिथे कंपनीबरोबर नोंदणीकृत करार होतो आणि साधारण वर्षभर प्रशिक्षण चालतं. साध्या इंटर्नशिपपेक्षा नोकरीच्या अर्जात त्याचं वजन अधिक.

आत्ता दुसऱ्या वर्षात त्याने अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या (एआयसीटीई) इंटर्नशिप पोर्टलवर नाव नोंदवावं आणि कॉलेजच्या टीपीओंना (प्रशिक्षण व प्लेसमेंट अधिकारी) भेटावं. एआयसीटीईच्या धोरणानुसार पदवीच्या चार वर्षांत मिळून ६०० ते ७०० तास अपेक्षित आहेत. सगळे शेवटच्या वर्षावर ढकलले तर ते प्लेसमेंट आणि प्रोजेक्टच्या अंगावर येतात. या उन्हाळ्यात चार आठवडे काम झालं तरी बरंच ओझं उतरेल.

बी.एस्सी. (रसायनशास्त्र) करते. नागपुरात माझ्या विषयाची इंटर्नशिप मिळते की पुण्यालाच जावं लागेल?
– विद्यार्थिनी, वाडी

तुम्ही राहता त्याच वाडीत अ‍ॅल्युमिनियमवर संशोधन करणारी जेएनएआरडीडीसी आहे. पाणी, हवा आणि सांडपाण्यासाठी नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था आहे. खनिजांच्या बाजूने इंडियन ब्यूरो ऑफ माइन्सचं मुख्यालय इथलंच. मातीसाठी अमरावती रोडवर राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण ब्यूरो, कापसासाठी वर्धा रोडवर केंद्रीय कापूस संशोधन संस्था. इतक्या राष्ट्रीय संस्था एका शहरात असताना आपली मुलं पुण्याची तिकिटं काढतात, याचं आम्हाला नवल वाटतं. कारखान्यातलं गुणवत्ता तपासणीचं काम शिकायचं असेल तर बुटीबोरी आणि हिंगण्याची एमआयडीसी आहेच.

मे महिन्यासाठी फेब्रुवारीतच अर्ज करा. संस्थेच्या संकेतस्थळावर शास्त्रज्ञांची यादी आणि त्यांचे विषय असतात. ज्यांचं काम तुमच्या विषयाशी जुळतं अशा एकालाच नीट पत्र लिहा. एकच मजकूर वीस जणांना एकदम पाठवला तर तो उघडलाही जात नाही. पत्र सात-आठ ओळींचं असावं : वर्ष आणि विषय, हातची कौशल्यं (टायट्रेशन, पीएच, स्पेक्ट्रोफोटोमीटर, जे खरंच येतं तेवढंच), उपलब्ध तारखा, आणि त्यांच्या कोणत्या कामात रस आहे. सोबत एक पानी बायोडेटा आणि कॉलेजचं पत्र जोडा. दहा दिवसांत उत्तर नाही आलं तर एकदा नम्रपणे आठवण करा, मग दुसऱ्याकडे वळा.

अशा ठिकाणी स्टायपेंडची अपेक्षा धरू नका. काही संशोधन संस्था उलट प्रशिक्षण शुल्क घेतात. ते नियमावलीत छापलेलं असतं आणि संस्थेच्या खात्यात भरून पावती मिळते.

टेलिग्रामवर "घरबसल्या इंटर्नशिप, दरमहा १५ हजार" असा मेसेज आला. २,९९९ रुपये अनामत मागतात, नंतर परत देणार म्हणतात. भरू का?
– विद्यार्थी, मानेवाडा

नाही. काम द्यायच्या आधी पैसे, व्यक्तीच्या यूपीआयवर पैसे, मुलाखत नाही आणि "आज रात्रीपर्यंतच" अशी घाई, या चारपैकी दोन गोष्टी दिसल्या तरी सोडून द्या. एक जोडफसवणूकही चालते : डेटा एंट्रीचं काम देतात, चुका निघाल्या म्हणतात आणि "करारभंगाची नोटीस" पाठवून आणखी पैसे उकळतात. अशा नोटिशीला घाबरून पैसे भरू नका. पैसे गेलेच असतील तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. पहिल्या काही तासांत रक्कम गोठवली जाण्याची शक्यता सर्वाधिक असते. चॅट डिलीट करू नका, तो पुरावा आहे.

एलएल.बी. तीन वर्षांचा कोर्स. एकाच वकिलांकडे सलग तीन महिने केलं तर चालेल?
– विद्यार्थी, सिव्हिल लाइन्स

चालणार नाही. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनुसार तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान १२ आठवडे लागतात (पाच वर्षांच्याला २०), पण कोणत्याही एका वर्षात सलग ४ आठवड्यांपेक्षा जास्त नाही. शिवाय संपूर्ण अभ्यासक्रमात एकदा तरी खटले आणि अपील चालवणाऱ्या वकिलांकडे काम झालेलं असावं. दरवर्षी चार आठवडे असं वाटून घ्या.

बुटीबोरीच्या कंपनीत दोन महिन्यांची इंटर्नशिप मिळाली, स्टायपेंड ६,०००. नंदनवनहून रोज जाणं परवडेल का? आणि मुलीला तिथे काही त्रास झाला तर तक्रार कोणाकडे?
– पालक, नंदनवन

आधी पैशांचा हिशेब. जाऊन-येऊन ६० किलोमीटर आणि गाडीचं मायलेज ४५ धरलं, तर दिवसाला सव्वा लिटरहून थोडं जास्त पेट्रोल लागतं. १०५ रुपये दराने ते १४० रुपये होतात आणि २४ दिवसांचे ३,३६०. स्टायपेंडचा निम्म्याहून मोठा भाग रस्त्यावरच जातो, आणि मे महिन्यात दुपारच्या उन्हात वर्धा रोडवर गाडी चालवणं वेगळंच. म्हणून ऑफर लेटर घेतानाच दोन गोष्टी विचारा : कंपनीची बस इंटर्नना मिळते का आणि जेवणाची सोय आहे का. "हो" आलं तर जरूर जाऊ द्या. प्रत्यक्ष उत्पादन पाहायला मिळणं याची किंमत त्या सहा हजारांत मोजता येत नाही. सेफ्टी शूज कंपनी देणार की घरून आणायचे, हेही तेव्हाच विचारून घ्या.

स्टायपेंडमधून टीडीएस कापला तर घाबरू नका. मुलीचं वर्षाचं उत्पन्न करपात्र मर्यादेखाली असेल तर विवरणपत्र भरून ती रक्कम परत मिळते. मात्र पॅन आधीच दिलेला असावा, नाहीतर कपात जास्त होते.

तक्रारीचं म्हणाल तर, कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा प्रशिक्षणार्थींनाही लागू आहे, स्टायपेंड मिळो न मिळो. १० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असावीच लागते. घटनेपासून ३ महिन्यांच्या आत लेखी तक्रार द्यावी. समितीच नसेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. समितीच्या सदस्यांची नावं कंपनीत दर्शनी भागात लावलेली असली पाहिजेत. मुलीने पहिल्याच दिवशी तो फलक शोधून त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवावा.