शाळेनंतर मराठी कादंबरी वाचलेली नाही. ठाणे-वाशी लोकलमध्ये वाचता येतील अशा कादंबऱ्या सुचवाल का? तुम्ही अलीकडे काय वाचलंत?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की महाप्याला आयटीत आहात, कोपरखैरण्यापर्यंत जेमतेम वीस मिनिटं मिळतात, आणि ज्याला विचारावं तो 'मृत्युंजय' नाहीतर 'ययाति' सांगतो. मीही तीच गाडी पकडते, फक्त एक स्टेशन आधी, घणसोलीला उतरते. तिथे माझं फॉल-पिको आणि अल्टरेशनचं छोटं दुकान आहे. साहित्याचा अभ्यास वगैरे काही नाही. पण ठाण्याला एक गाडी सोडली की दुसरीत बसायला मिळतं, आणि दिघा गाव स्टेशन झाल्यापासून एक पान जास्त होतं.

गेल्या वर्षभरात वाचलेल्यांपैकी पहिली सांगते ती 'उसवण', देविदास सौदागर यांची. 2024 चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार तिला मिळाला. लेखक तुळजापूरचे आणि स्वतः शिवणकाम केलेले. रेडिमेड कपडे आल्यावर गावातल्या शिंप्याचं काय होतं, त्याची ही गोष्ट. खरं सांगायचं तर मी ती चुका काढायला म्हणून घेतली. शिवणाऱ्या माणसावर लोक लिहितात तेव्हा मशीनचा खडखडाट आणि सुई टोचलेलं बोट याच्या पुढे जात नाहीत. हा माणूस जातो. दिवाळी तोंडावर आलेली आणि कापड घेऊन कुणीच येत नाही, अशा वेळी दुकानात बसून राहणं काय असतं ते मला माहीत आहे. माझ्या वडिलांनी कळव्यात ते दिवस काढले.

तरी एका बाबतीत माझं वेगळं मत आहे. रेडिमेडने शिलाई खाल्ली हे खरं, पण आमच्याकडे त्यानेच अल्टरला काम आणलं. ऑनलाइन मागवलेली जीन्स कुणाला म्हणून लांबीला बसत नाही. दिवसाला आठ-दहा पँटी कापते मी, आणि महिन्याला नवीन ब्लाऊज शिवायला येतात चार. म्हणजे धंदा उसवला, पण उसवायचंच काम हातात राहिलं. नवीन टीप मारायला दोन मिनिटं लागतात. जुनी टीप ब्लेडने कापड न फाडता काढायला पंधरा. कादंबरीचं नाव किती नेमकं आहे हे त्यामुळे मला जरा जास्तच कळलं. पानं थोडी आहेत, तुमच्या आठवडाभराच्या फेऱ्यांत संपेल. भाषा मराठवाड्याची आहे, दोन दिवसांत कानाला बसते.

तेव्हापासून कादंबरी घेताना मी एवढंच बघते, की लिहिणाऱ्याने ते काम हातात तरी धरलंय का, निदान जवळ उभं राहून बघितलंय का. प्रेम आणि दुःख सगळेच लिहितात.

या हिशेबाने तुम्हाला 'रारंग ढांग' आवडायला हवी. प्रभाकर पेंढारकरांची, 1981 ची. मुंबईतली नोकरी सोडून सीमेवर रस्ते बांधायला गेलेला विश्वनाथ हा इंजिनिअर, समोर हिमालयातला उभा कडा, आणि त्यातून रस्ता काढायचाय. लेखक इंजिनिअर नव्हते, माहितीपट करणारे होते, म्हणून बघण्याची नजर पक्की. मी अकरावीत वाचली होती, यंदा पुन्हा वाचली. तेव्हा विश्वनाथ म्हणजे हिरो वाटला होता. आता त्याच्या वरच्या साहेबांचंही थोडं पटलं, वय झालं म्हणायचं. काही संवाद भाषणासारखे होतात, तिथे भरभर पुढे जा. पण दगड सुटून खाली येतो ती पानं वाचताना माझं घणसोली गेलं आणि मी तुमच्या कोपरखैरण्याला उतरले.

आता जिच्याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचंय ती. कृष्णात खोत यांची 'रिंगाण'. 2023 चा साहित्य अकादमी पुरस्कार. धरणासाठी गाव उठवलेलं आहे, माणसं लांब माळावर आणून टाकलीत, आणि मागे जंगलात राहिलेली म्हैस आणायला एक माणूस परत जातो. एवढीच गोष्ट. पण ती म्हैस आता माणसाळलेली राहिलेली नाही, रानाची झालीय, आणि ती आणि तो समोरासमोर येतात तिथून मला पुस्तक खाली ठेववेना. भाषा कोल्हापूरकडची, आणि सोपी नाही. माझ्या सासूबाई पन्हाळ्याकडच्या, अडलं की त्यांना विचारायचे. चार दिवसांनी त्यांनी पुस्तकच काढून घेतलं.

नवी मुंबईत राहून ही कादंबरी नुसती कोल्हापूरची म्हणून वाचता येत नाही. 1970 साली नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी सिडको आली आणि 95 गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी गेल्या. आपण ज्या रबाळे-घणसोलीवरून जातो तीही गावंच. 1984 च्या जानेवारीत मोबदल्यासाठी लढणाऱ्या शेतकऱ्यांवर उरणजवळ जासई-नवघरला पोलिसांनी गोळीबार केला, त्यात पाच जण गेले, आणि त्या लढ्यातून पुढे गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के भूखंड परत मिळाले. माझा गाळा ज्यांच्या मालकीचा ते काका घणसोली गावातले आगरी. त्यांच्या घरची भातशेती होती, तिथे आज टॉवर आहे आणि खाली मोबाइलचं दुकान. एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं म्हणून मी त्यांना 'रिंगाण'ची गोष्ट सांगितली, अर्ध्यापर्यंत. जमिनीबद्दल, मोबदल्याबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत. फक्त विचारलं, "मंग म्हस गावली का?" दुसऱ्या दिवशी शटर उघडताना पुन्हा तेच. मी सांगितलं नाही, पुस्तक देते म्हटलं, तर म्हणाले चष्मा बदलायचाय.

नंदा खरे यांची 'उद्या' तुमच्या धंद्याशी संबंधित आहे, माणसांवर पाळत, कंपन्यांची सत्ता, पुढच्या काळात काय वाढून ठेवलंय ते. खरे स्वतः स्थापत्य अभियंते. 2020 चा अकादमी पुरस्कार तिला जाहीर झाला तेव्हा त्यांनी तो नाकारला, कारण पुरस्कार घेणं त्यांनी आधीच बंद केलं होतं. गाडीत मात्र ही वाचू नका. धागे बरेच आहेत, मध्ये स्टेशन आलं की कोण कुठे होता ते विसरायला होतं. मी दोनदा सोडली आणि गणपतीत घरी बसून संपवली.

जुन्यातलं एकच सांगते, 'रणांगण', विश्राम बेडेकर, 1939. युरोपातून मुंबईला येणारी बोट, त्यावर एक मराठी तरुण आणि जर्मनीतून हाकललेली ज्यू मुलगी हॅर्टा, आणि युद्ध दारात आलेलं. छोटीशी आहे. पहिल्या वीस पानांत नायकाचा राग येईल, येऊ द्या. माझ्या कामाच्या कसोटीला ही बसत नाही हे मला कळतं, तिच्यात कुणी काहीच काम करत नाही, सगळे नुसते डेकवर बसलेले. तरीही.

आणि नेमाड्यांची 'हिंदू'. सहाशे पानं, मी दीडशेपाशी थांबले. नायक खंडेराव बोलत राहतो, बोलत राहतो, आणि पर्समध्ये ते वजन नेऊन माझा खांदा गेला. लोक रागावतील, रागावू देत. 'कोसला' मला आवडते, पण ती तुम्हाला कुणीही सांगेल.

विकत घ्यायची घाई करू नका. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय 1893 पासून आहे, स्टेशनवरून चालत जाता येतं, आणि संध्याकाळी परतताना वाटेतच पडतं. सुरुवात 'रारंग ढांग'पासून करा, मग 'उसवण'. 'रिंगाण'ची तिथली प्रत सध्या माझ्या नावावर आहे. सासूबाईंची तीस पानं उरलीत, आणि मुदत उलटून चार दिवस झालेत, तर दंड भरून शनिवारी देईन.