मेक्सिकोतल्या विद्यापीठाचा 'पुमास' संघ सॉकर खेळतो की अमेरिकन फुटबॉल? त्याचा इतिहास काय आहे?

दोन्ही खेळतो. पण 'पुमास' हे नाव आधी अमेरिकन फुटबॉलवाल्यांचं, सॉकरवाल्यांकडे ते नंतर आलं. तुम्ही टीव्हीवर पाहिलेला सॉकर क्लब १९५४ साली उभा राहिला. अंड्याच्या आकाराचा चेंडू काखेत घेऊन पळायचा फुटबॉल मात्र या विद्यापीठात १९२७ पासून आहे. मी कामानिमित्त मेक्सिको सिटीत राहतो. ऑफिसातल्या लोकांच्या नादानं हे सामने बघायला लागलो आणि आता सप्टेंबर लागला की शनिवार मोकळे ठेवतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

अमेरिकेचा खेळ मेक्सिकोच्या सरकारी विद्यापीठात एवढा कसा रुजला, असंही तुम्ही विचारलंय. अमेरिकेत शिकायला गेलेली सधन घरांतली मुलं परत येताना हा खेळ घेऊन आली, इथपर्यंतची गोष्ट सरळ आहे. पण तेवढ्यानं खेळ फार तर चार क्लबांत टिकला असता. तो घराघरांत गेला तो 'पोली'मुळे.

१९३६ साली राष्ट्राध्यक्ष लासारो कार्देनास यांच्या काळात राष्ट्रीय पॉलिटेक्निक संस्था, म्हणजेच 'पोली', सुरू झाली. कामगार-शेतकऱ्यांच्या मुलांना तंत्रशिक्षण मिळावं, देशाला स्वतःचे इंजिनिअर मिळावेत, हा तिचा हेतू. राष्ट्रीय विद्यापीठ, म्हणजे आजचं 'उनाम', हे त्या वेळी वकील-डॉक्टरांच्या घराण्यांचं समजलं जायचं. दोघांचे संघ समोरासमोर आले आणि सामना नुसता खेळाचा राहिला नाही. एका बाजूला निळा-सोनेरी, दुसऱ्या बाजूला गडद लाल-पांढरा. पोलीच्या संघाचं नाव 'बुरोस ब्लांकोस', पांढरी गाढवं. आणि ते नाव तिथली मुलं आजही छाती फुगवून सांगतात. तुमचे वडील कुठे शिकले यावर तुमचा रंग ठरायचा. माझ्या एका सहकाऱ्याचं घर पोलीचं आहे. त्याचे वडील सत्तरी ओलांडलेले आहेत, पण पुमासविरुद्धच्या सामन्याला लाल स्वेटर घातल्याशिवाय घराबाहेर पडत नाहीत, ऊन कितीही असो.

पुमास हे नाव १९४० च्या दशकातलं. रोबेर्तो मेंदेस नावाचे प्रशिक्षक होते, ग्वादालाहाराकडचे, म्हणून सगळे त्यांना 'तापातिओ' म्हणत. संघ घडवला तो त्यांनी. आपली मुलं अंगापिंडानं लहान, पण चपळ आणि निडर आहेत, असं ते सांगत आणि त्यासाठी प्यूमा या मांजराच्या कुळातल्या जंगली प्राण्याचं नाव घेत. ते नाव संघाला चिकटलं, मग विद्यापीठाच्या बाकीच्या संघांनीही उचललं.

याच काळातला एक प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. १ जानेवारी १९४५ रोजी टेक्सासमधल्या एल पासोच्या 'सन बोल' या निमंत्रित संघांच्या सामन्यात मेक्सिकोच्या या विद्यापीठाचा संघ साउथवेस्टर्न विद्यापीठाविरुद्ध उतरला. महायुद्ध चालू होतं, बऱ्याच अमेरिकन कॉलेजांचे खेळाडू सैन्यात गेले होते. मेक्सिकोचा संघ ३५–० असा हरला. आकडा बघून लोक हसतात, मला ते पटत नाही. अमेरिकेच्या नववर्षाच्या बोल सामन्यात अमेरिकेबाहेरचा संघ बोलावला जाणं हीच केवढी मोठी गोष्ट.

नोव्हेंबर १९५२ मध्ये शहराच्या दक्षिणेला विद्यापीठाचं ऑलिम्पिक स्टेडियम उघडलं. त्याच महिन्याच्या अखेरीस तिथे पुमास आणि पोली खेळले, आणि पुमास २०–१९ असे जिंकले. एका गुणानं! हे स्टेडियम एकदा तरी बघाच. शितले ज्वालामुखीच्या लाव्ह्यानं झाकलेल्या जमिनीत खोलगट खणून, तोच काळा दगड वापरून ते बांधलंय. बाहेरून ते भिंतीसारखं उभं राहत नाही, टेकडीच्या विवरासारखं दिसतं. प्रवेशाच्या बाजूला मेक्सिकोचे नामवंत चित्रकार दिएगो रिवेरा यांचं भित्तिशिल्प आहे, नैसर्गिक रंगांच्या दगडांचं.

रिवेरा म्हटलं की मराठी माणसानं थांबायलाच हवं. वर्ध्याचे क्रांतिकारक आणि कृषिशास्त्रज्ञ पांडुरंग खानखोजे १९२० च्या दशकात मेक्सिकोत आले, चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात प्राध्यापक झाले, मक्याच्या वाणांवर त्यांनी काम केलं. रिवेरांनी त्यांना शिक्षण मंत्रालयातल्या एका भित्तिचित्रात रंगवलंय. २०२२ मध्ये चापिंगोत त्यांचा पुतळाही बसला. आणि त्या चापिंगोचाही कॉलेज फुटबॉलचा संघ आहे, 'तोरोस साल्वाखेस', रानटी बैल. शेतकी विद्यापीठाला याहून शोभणारं नाव दुसरं कुठलं?

स्टेडियममध्ये बसल्यावर आधी कानावर येते ती 'गोया'ची आरोळी. कोणी एक जण सुरू करतो आणि अख्खा भाग उठतो: 'गोया! गोया! काचून काचून रा रा! काचून काचून रा रा! गोया! उनिवेर्सिदाद!' सान इल्देफोन्सोला विद्यापीठाची जुनी तयारी-शाळा होती, तिच्याजवळ गोया नावाचं थिएटर होतं. तास बुडवून सिनेमाला जायचं ठरलं की पोरं हीच हाक द्यायची, अशी तिची जन्मकथा सांगतात. पलीकडून पोलीची आरोळी, 'उएलुम', येते. मधल्या वेळात शेंगदाणे आणि लिंबू पिळलेले, लाल तिखट सॉस घातलेले चिचारोन, म्हणजे कुरकुरीत तळण, हातोहात फिरतात.

आता १९६८, विद्यार्थी आंदोलनाचं वर्ष. त्याशिवाय पुमासचा इतिहास सांगता येत नाही.

त्या वर्षी २२ जुलैला सियुदादेला चौकाजवळ पोलीच्या व्होकेशनल शाळांची मुलं आणि उनामशी संलग्न एका खासगी शाळेची मुलं यांच्यात मारामारी झाली. ती कशावरून पेटली याच्या कथा अनेक आहेत. त्यातली एक अशी की रस्त्यावर 'तोचितो' चालला होता, म्हणजे गल्लीतला, अंगावर जाऊन पाडापाडी नसलेला अमेरिकन फुटबॉल, आणि त्यात वाद झाला. दुसऱ्या दिवशी दंगलविरोधी पोलीस थेट शाळेत घुसले, विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना मारलं. ३० जुलैच्या पहाटे सैन्यानं सान इल्देफोन्सोचं शतकानुशतकांचं लाकडी दार बाझूकानं उडवलं. कुलगुरू खाविएर बार्रोस सिएर्रा यांनी विद्यापीठाचा झेंडा अर्ध्यावर उतरवला आणि १ ऑगस्टला स्वतः मोर्चाच्या पुढे चालले. आणि जी पोरं एकमेकांना स्टेडियममध्ये शिव्या घालायची, ती एकाच संप समितीत बसली. सप्टेंबरमध्ये सैन्यानं आधी उनामचा परिसर घेतला, मग पोलीचा. २ ऑक्टोबरला त्लातेलोल्कोच्या चौकात जमलेल्या विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला. किती मेले यावर आजही एकमत नाही. दहा दिवसांनी, १२ ऑक्टोबरला, ऑलिम्पिकचं उद्घाटन झालं ते पुमासच्याच मैदानावर.

त्यानंतर १९७० च्या आसपास दोन्ही मोठे संघ फोडले गेले. उनामचे कोंदोरेस, आगिलास रेआलेस आणि गेर्रेरोस आस्तेकास असे तुकडे झाले. पोलीतून आगिलास ब्लांकास वगैरे निघाले. हाणामाऱ्या वाढल्या होत्या, हे एक कारण सांगितलं जातं. पण विद्यार्थ्यांची एवढी मोठी गर्दी एका रंगाखाली एकत्र येऊ नये, हेही त्यामागे होतं असं इथले जुने लोक ठामपणे म्हणतात आणि मला त्यांचं पटतं. कोंदोरेसनी दिएगो गार्सिया मिराबेते यांच्या प्रशिक्षणाखाली विजेतेपदं मिळवली, पोलीच्या आगिलास ब्लांकासला हासिंतो लिसेआ यांनी मोठं केलं. खेळ उत्तम होता. पण 'पुमास विरुद्ध पोली' ही हाळी मैदानातून गेली होती. पुमास या नावानं संघ परत आला तो थेट १९९० च्या दशकाच्या अखेरीस.

पुढचं थोडक्यात. १९७८ मध्ये 'ओनेफा' ही विद्यार्थी फुटबॉलची राष्ट्रीय संघटना झाली. हळूहळू पैसेवाली खासगी विद्यापीठं पुढे गेली, विशेषतः मोंतेरेईच्या 'तेक' या तंत्रविद्यापीठाचा संघ, बोर्रेगोस साल्वाखेस. त्यांचाच रोलांदो कांतू पुढे अॅरिझोना कार्डिनल्सकडून एनएफएल, म्हणजे अमेरिकेची व्यावसायिक लीग, खेळला. २०१० च्या सुमारास खासगी विद्यापीठांनी वेगळी लीग काढली आणि सरकारी कॉलेजांच्या स्पर्धेचं मोठं नुकसान झालं. त्या काळात एका देशात दोन-दोन विजेते होत, कुणाला खरं मानायचं?

तोचितो मात्र कुठच्या कुठे पोचला. त्याचंच शिस्तबद्ध रूप म्हणजे फ्लॅग फुटबॉल. २०२२ च्या वर्ल्ड गेम्समध्ये मेक्सिकोच्या मुलींनी अमेरिकेला अमेरिकेतच ३९–६ असं हरवलं. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये हा खेळ क्रिकेटसोबतच येतोय, आणि दोघांवर शिक्कामोर्तब झालं ते ऑक्टोबर २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या आपल्या मुंबईतल्या अधिवेशनात.

इकडे येणार असाल तर सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये या. इन्सुर्खेन्तेस रस्त्यानं जाणारी मेट्रोबस स्टेडियमजवळ सोडते. टोपी न्या, दुपारी तो काळा दगड चांगलाच तापतो. आणि तिकीट काढण्याआधी कुठल्या बाजूला बसणार ते ठरवा, कारण शेजारचा माणूस पहिला प्रश्न तोच विचारतो.