देणगीदार तुझा नको, संस्थेचा हवा

प्रिय,

तुझा लांबलचक मेसेज वाचला. गेल्या वर्षी दहा लाख देणाऱ्या एका उद्योजकांनी यंदा फोन उचलणंच बंद केलंय, वसतिगृहात ऊसतोड कामगारांच्या चाळीस मुली आहेत, किराण्याची उधारी थकली आहे. आणि तू विचारतेस, दोनशे कंपन्यांना प्रस्ताव पाठवू, गाण्याचा कार्यक्रम ठेवू की ऑनलाइन मोहीम काढू?

यातलं काहीच करू नकोस. ते उद्योजक वसतिगृहाला पैसे देतच नव्हते, तुला देत होते. तुझं भाषण त्यांना भावलं, त्यांनी चेक फाडला. त्यांनी एकही मुलगी पाहिलेली नाही, अधीक्षिकाबाईंचं नावही त्यांना ठाऊक नाही, तुझा एकही विश्वस्त त्यांच्या घरी गेलेला नाही. मग यंदा त्यांनी का द्यावं? आमच्या पिढीतल्या कितीतरी चांगल्या संस्था संस्थापकाच्या तेराव्याबरोबर आटल्या, त्या याच एका कारणाने. सगळे दाते संस्थापक भाऊंचे होते. भाऊ गेले, दाते गेले.

धोंडो केशव कर्व्यांचं उदाहरण सगळे देतात, पण अर्धंच. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसींनी १५ लाख दिले आणि कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला ठाकरसींच्या आईचं, नाथीबाईंचं नाव लागलं, एवढं पाठ असतं. कर्व्यांचा विधवांसाठीचा बालिकाश्रम १८९६ चा आणि विद्यापीठ १९१६ चं, हे कोणी सांगत नाही. देणाऱ्याला जाऊन पाहता येईल, तपासता येईल असं काम आधी उभं होतं.

आता कागद घे. तुझा वर्षाचा खर्च चाळीस लाखांच्या घरात आहे. म्हणजे तुझ्यासाठी मोठी देणगी एक लाखाची. टाटा-बिर्लांच्या आकड्यांशी तुला काय करायचंय? यंदा व्यक्तींकडून २४ लाख उभे करायचे असं धरू. ५ लाखांची एक देणगी, ३ लाखांच्या दोन, दीड लाखाच्या चार आणि एक लाखाच्या सात. झाल्या चौदा. प्रत्येक देणगीमागे किमान तीन नावं लागतात, कारण दोघं या ना त्या कारणाने नाही म्हणतात. म्हणजे बेचाळीस नावं. त्यापेक्षा जास्त तुला सांभाळता येणार नाहीत, आणि कमी असली तर मार्चमध्ये पुन्हा मला मेसेज करशील.

ही नावं श्रीमंतांच्या यादीतून काढायची नाहीत. तुझ्या पावती पुस्तकातून काढ. सलग तीन वर्षं पाच-पाच हजार देणारे निवृत्त मुख्याध्यापक, दिवाळीला न चुकता फराळ पाठवणारे औषध दुकानदार, एकदा येऊन मुलींशी तासभर बोलून गेलेल्या डॉक्टरबाई. पाच हजार देणाऱ्याकडे लाख असू शकतात. त्याला कोणी मागितलेले नसतात, इतकंच.

मग प्रत्येक नावापुढे संस्थेतली दोन माणसं लिही. दोन. त्यातली एकच तू असू शकतेस. दुसरी विश्वस्त, अधीक्षिका, हिशेब पाहणारा मुलगा, कोणीही. भेटीला दोघांनी जायचं आणि परत आल्यावर त्याच दिवशी वहीत पाच ओळी लिहायच्या: काय विचारलं, कशावर चेहरा खुलला, कशावर पडला, घरात निर्णय कोण घेतं, पुढे काय कबूल केलं. ती वही कार्यालयात राहील, तुझ्या फोनमध्ये नाही. "एवढा वेळ कुठे आहे" असं म्हणणार असशील तर दोनशे प्रस्तावांना वेळ कुठून आणणार होतीस ते सांग.

पैसे मागण्याआधी तीन वेळा पैशाशिवाय संपर्क. एकदा वसतिगृहावर बोलवा, शक्यतो मुली आई-वडिलांबरोबर फडावर न जाता शाळेत राहतात त्या हंगामात. एकदा सल्ला विचारा, खरा, नाटकी नको. एकदा अडचणही कळवा; सगळं छान छान सांगणाऱ्या संस्थेवर धंदेवाला माणूस विश्वास ठेवत नाही. चौथ्या भेटीत आकडा: "चाळीस मुलींच्या जेवणाचा वर्षाचा खर्च १२ लाख आहे. त्यातले ३ लाख दरवर्षी, तीन वर्षं, तुम्ही द्यावेत अशी विनंती आहे." आणि गप्प बसायचं. आपली माणसं इथेच माती खातात. समोरचा विचार करत असतो आणि आपण घाईने म्हणतो, "नाही म्हणजे, जमेल तेवढं द्या." झालं, तीन लाखांचे अकरा हजार झाले.

विश्वस्तांचं बोलते. दुसऱ्याकडे मागण्याआधी प्रत्येक विश्वस्ताने स्वतःचा चेक द्यायचा, ऐपतीप्रमाणे, दोन हजारांचा का असेना. मी हे लावून धरते म्हणून काही मंडळी माझ्याशी बोलत नाहीत. न बोलोत. "तुमच्या मंडळातले किती जण देतात?" हा प्रश्न दाता विचारतोच, आणि त्याला उत्तर लागतं.

कर-सवलतीच्या जोरावर मागू नकोस. नवी करप्रणाली घेतलेल्याला देणगीवरची आयकर वजावट (८०जी) मिळतच नाही, आणि २,००० रुपयांवरची रोख देणगी तर कोणालाच वजावटीला चालत नाही. पण कागद मात्र चोख हवा: पॅन आणि नाव तपासून पावती दोन दिवसांत, आयकर खात्याला द्यायचं देणग्यांचं वार्षिक विवरण (१०बीडी) ३१ मेच्या आत. उशिराला दिवसाला २०० रुपये लागतात. त्याहून वाईट म्हणजे देणगीदाराला प्रमाणपत्रासाठी तुमच्या मागे लागावं लागतं. कायम निधीसाठी कोणी देत असेल तर तसं त्याच्या सहीचं पत्र घे. तोंडी सांगणं चालत नाही. मेसेजमध्ये लिहिलेला तुझा न्यू जर्सीतला भाचा अमेरिकन नागरिक झाला असेल, तर त्याने पुण्याच्या खात्यातून रुपयांत दिलेले पैसेही परदेशी देणगीच ठरतात. परदेशी देणगी घेण्यासाठी लागणारी एफसीआरए नोंदणी नसेल तर नम्रपणे नको म्हण. भारतीय पासपोर्ट असेल आणि पैसे त्याच्या स्वतःच्या बचतीतले, बँकेतून आलेले असतील, तर घे.

आणि जमीन नको. गावाबाहेरचे दोन एकर कोणी देऊ करेल, तुझे विश्वस्त हरखतील. कुंपण, सातबारा, भाऊबंदकी सगळं तुझ्या गळ्यात, आणि विकायची म्हटलं तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी. खोली बांधून देणाऱ्यालाही तेव्हाच सांग, की रंग, वीज, डागडुजीसाठी बांधकामाच्या दहा टक्के वेगळे हवेत. पाटी लावायला माझी हरकत नाही. पाटीखालचा नळ गळका नको.

त्या उद्योजकांना आता फोन करू नकोस. अधीक्षिकाबाईंना एक पानाचं पत्र लिहायला सांग: दहा लाख कुठे गेले, महिन्यावार, आणि काय जमलं नाही तेही. ते पत्र घेऊन बाई आणि एक विश्वस्त जातील, तू नाही. पैसे मागायचे नाहीत. तुला हे झोंबेल, कारण तो माणूस "तुझा" आहे. म्हणूनच तू जायचं नाहीस.

बेचाळीस नावं शुक्रवारपर्यंत पाठव, प्रत्येकापुढे दोन माणसं लिहून. जिथे दुसरा रकाना मोकळा दिसेल, ते नाव मी खोडणार आहे.

तुझी,
ताई