टीका सरकारवर आहे की तुमच्यावर?

तुम्ही विचारलंय की अमेरिकेत गेल्यावर कुणी आपल्या सरकारला नावं ठेवली, तर तो आपल्याबद्दलचा द्वेष समजायचा का. पहिली दोन वर्षं मी तसंच समजत होतो. एका सहकाऱ्याने आपल्याकडच्या एका नव्या कायद्यावर टीका केली, तर मी त्याला ‘तुम्हाला आमचं काही बघवत नाही’ असं सुनावलं. तो गप्प झाला. त्याच जेवणात त्याने स्वतःच्या सरकारला माझ्या सरकारपेक्षा जास्त झोडलं होतं, हे मला घरी आल्यावर आठवलं.

मला विचाराल, तर वाक्याचा कर्ता कोण ते आधी बघा. ‘त्या सरकारचा हा निर्णय चुकला’ यावर वाद घालता येतो. कदाचित तुम्हालाही तसंच वाटत असेल. ‘तुम्ही लोक असलेच’ यात निर्णयच नाही, मग वाद घालणार कशावर? याच्या मधला प्रकार जास्त चकवणारा. बातमी आली की सगळ्यांना सोडून फक्त तुम्हालाच विचारायचं, ‘मग तुझं काय म्हणणं?’ एकदा विचारलं तर कुतूहल समजा. दर वेळी तुमच्याकडूनच खुलासा मागितला जात असेल, तर तुम्हाला माणूस म्हणून नाही, वकील म्हणून उभं केलंय.

या देशानेही यात मोठी चूक केलेली आहे. फेब्रुवारी १९४२ मध्ये, दुसऱ्या महायुद्धात, राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी ९०६६ क्रमांकाचा आदेश काढला. युद्ध जपानच्या सरकारशी, पण त्या आदेशामुळे नजरकैदेच्या छावण्यांत गेले अमेरिकेतलेच जपानी वंशाचे सुमारे १,२०,००० रहिवासी. त्यांतले जवळजवळ दोन-तृतीयांश अमेरिकेचेच नागरिक होते! १९८८ मध्ये कायदा करून माफी मागितली, हयात असलेल्यांना प्रत्येकी २०,००० डॉलर दिले. १९८२ मध्ये डेट्रॉइट या मोटार-कारखान्यांच्या शहराजवळ व्हिन्सेंट चिन नावाच्या तरुणाला दोघांनी बेदम मारलं आणि त्यात तो गेला. मारणाऱ्यांचा राग जपानी गाड्यांवर होता. चिन मुळात चिनी वंशाचा. द्वेषाला नकाशाही नीट वाचता येत नाही.

आपलीही एक खोड सांगतो. सरकारवरच्या प्रत्येक टीकेला ‘आपल्या लोकांचा द्वेष’ म्हणणं सोयीचं असतं, मुद्द्याचं उत्तर द्यावं लागत नाही. आणि इकडे आल्यावर आपणच ‘हे अमेरिकन असेच’ म्हणायला लागतो, ते वेगळंच.

नोकरीतलं मात्र नीट लक्षात ठेवा. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने, १५ किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी, मूळ देशावरून भेदभाव करायला बंदी आहे. सरकारबद्दलचं कुणाचं नुसतं मत त्यात बसत नाही. मूळ देशामुळे बढती नाकारणं किंवा सतत छळणं बसतं. तारीख, शब्द, कोण हजर होतं, हे त्याच दिवशी लिहून ठेवा. समान रोजगार संधी आयोगाकडे तक्रारीची मुदत १८० दिवसांची असते, बऱ्याच राज्यांत ३००.